आजोबांच्या लॉगबुकात ‘वीव्हर’ हा शब्द एकतीस वेळा आला आहे. त्याचा अर्थ काय?

धरमपेठची नात (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

धरमपेठेतील आमचे जुने घर या उन्हाळ्यात पाडले जाणार आहे. माळ्यावरचे सामान उतरवताना आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. आजोबांना जाऊन बरीच वर्षे झाली आणि आजीही मागच्या माघात गेली, त्यामुळे ट्रंकेतल्या वस्तूंविषयी विचारावे असे घरात आता कोणी उरलेले नाही. तिच्यात कूलरच्या पंपाचे सुटे भाग, तीन वेगवेगळ्या राज्यांच्या नावाची कार्यालयीन पत्रे, लाल-निळ्या फितीला लावलेले सहा टोकांचे एक पितळी रंगाचे पदक आणि कापडी बांधणीची एक जाड वही आहे. ही वही म्हणजे त्यांचे वैमानिकाचे लॉगबुक, अर्थात उड्डाणांची नोंदवही.

घरात जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगते. आजोबांचा जन्म १९२२ चा, नागपूरचाच. १९४२ मध्ये सायन्स कॉलेजातील शिक्षण अर्धवट सोडून ते वायुदलात गेले, १९४४ मध्ये इम्फाळला होते, १९४६ मध्ये सेवेतून मोकळे झाले आणि मग बनारसला जाऊन त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९५१ पासून १९८० पर्यंत त्यांनी वीज खात्यात नोकरी केली. युद्धाविषयी ते जवळपास काहीच बोलत नसत. त्याचे एक कारण असे की ज्या वर्षी ते वायुदलात भरती झाले, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांचे थोरले बंधू चळवळीत तुरुंगात गेले होते, आणि आमच्या घरात तो विषय कोणी काढू नये असा अलिखित नियमच होता.

माझ्या आठवणीतले आजोबा निवृत्तीनंतरचे आहेत. दर रविवारी सकाळी ते आम्हा नातवंडांच्या सायकली अंगणात ओळीने उभ्या करत, प्रत्येक सायकलीभोवती एक फेरी मारत, आणि मग चाक हळूहळू फिरवून एकेक स्पोक नखाने छेडत. सैल स्पोकचा आवाज वेगळा येतो, तो ते ऐकत आणि आम्हालाही ऐकवत. त्यांच्या खिशात दोऱ्याने पेन्सिल बांधलेली एक लहान वही कायम असे. तिच्यात ते दिवसाचे तापमान, वीज गेल्याची आणि आल्याची वेळ, आणि घरातले कोण किती वाजता बाहेर पडले, हे सारे टिपत.

आता आम्हा भावंडांना त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची आहे, आणि अडचण लॉगबुकापाशी आली आहे. एप्रिल १९४४ पासूनच्या नोंदींमध्ये ‘टॅक-आर’ असे लिहून पुढे ‘वीव्हर’ असा शब्द आहे, आणि तो मी मोजला तेव्हा एकतीस वेळा आलेला आढळला. बाबांनी पूर्वी कधीतरी शब्दकोश पाहून समासात पेन्सिलीने ‘विणकर?’ असे लिहून ठेवले आहे. विणकरांच्या या शहरात तो शब्द आपल्या ओळखीचा असला तरी विमानाच्या वहीत तो कशासाठी, ते उलगडत नाही. काही ओळींच्या शेवटी ‘डी.सी.ओ.’ आणि काहींच्या शेवटी ‘डी.एन.सी.ओ.’ आहे. वहीत चिकटवलेल्या एका प्रमाणपत्रावर वैमानिक म्हणून त्यांची योग्यता ‘अ‍ॅव्हरेज’ अशी नोंदलेली आहे, आणि ते वाचून बाबांना फार वाईट वाटले.

माझा दुसरा प्रश्न अधिक मोठा आहे. त्यांनी युद्धात तीन वर्षे घालवली, वीज खात्यात एकोणतीस आणि घरात सारा जन्म. पण पुस्तिकेविषयी ज्यांना सांगावे ते सगळे फक्त विमानाबद्दलच विचारतात. अशा माणसाविषयी लिहायचे तर कुठून सुरुवात करावी?

वायुसेनानगर निवृत्त

ताई, नमस्कार. मी वायुसेनेत इंजिन फिटर होतो आणि अखेरची काही वर्षे येथेच, मेंटेनन्स कमांडमध्ये काढून निवृत्त झालो. टॅक-आरसाठी तेव्हा वापरत त्या हरिकेन या लढाऊ विमानाला मी हात लावलेला नाही, ती विमाने माझ्या फार आधीची. पण ज्यांनी ती हाताळली अशा वरिष्ठांकडून काम शिकलो आहे आणि जुनी लॉगबुके पुष्कळ पाहिली आहेत.

‘टॅक-आर’ म्हणजे टॅक्टिकल रेकोनिसन्स, अर्थात लढाईच्या आघाडीवर उडून शत्रूची हालचाल टेहळणे आणि परत येऊन सैन्याला तिची बातमी देणे. हे काम दोन विमानांची जोडी करत असे. पुढच्या विमानातील लीडर खाली पाहत असे: गाडीच्या चाकोऱ्या, झाडोऱ्याखाली लपवलेल्या होड्या, चुलीचा धूर, नव्याने तुडवलेली पायवाट. जो माणूस जमिनीवर एवढी नजर लावून उडतो त्याला आपल्या पाठीमागे काय आहे हे दिसत नाही, आणि हरिकेनमधून मागचे दिसणे मुळातच कठीण. म्हणून दुसरे विमान त्याच्या मागे, थोडे वर राहून सतत डावी-उजवीकडे नागमोडी उडत असे आणि त्याची पाठ राखत असे. मागावरचा धोटा जसा या काठावरून त्या काठावर जातो तसे ते उडणे, म्हणून त्या वैमानिकाला वीव्हर म्हणत. बाबांनी समासात लिहिलेला अर्थ चुकीचा नाही. फक्त विणायचे होते ते आकाशात.

वीव्हरचे काम काय होते हे नीट समजून घ्या. त्याने खाली पाहायचे नाही. जपानी ऑस्कर विमान हरिकेनपेक्षा कितीतरी लहान वळण घेई, त्यामुळे ते आधी दिसले तरच निभाव लागे. मोहिमेवरून परतल्यावर सैन्याचा संपर्क अधिकारी जे विचारी त्याची उत्तरे लीडर देई. वीव्हरपाशी सांगण्यासारखे बहुधा काही नसे, आणि काही नसणे हेच त्याचे काम नीट झाल्याचे लक्षण. आजोबा घरी काही बोलत नसत, त्यामागे घरातील कारण असेलच, पण हेही एक कारण असू शकते असे मला वाटते.

‘डी.सी.ओ.’ म्हणजे नेमलेले काम पार पडले आणि ‘डी.एन.सी.ओ.’ म्हणजे पार पडले नाही. मे महिन्यापासून पुढच्या पानांवर दुसरी अक्षरे वाढलेली दिसतील. तो पाऊस होता. इम्फाळच्या खोऱ्याभोवती सगळीकडे डोंगर, त्यांवर ढग टेकलेले, आणि काम डोंगरापलीकडे, ब्रह्मदेशातल्या कबाव खोऱ्यात किंवा चिंदविन नदीवर. ढगात फट सापडली नाही तर परत फिरावे लागे, आणि परत फिरण्याचा निर्णय घेणे हेही वैमानिकाचे कामच असते. २९ मार्च १९४४ रोजी जपानी सैन्याच्या वेढ्यात इम्फाळचा रस्ता तुटला तो २२ जूनला मोकळा झाला. तोवर दारूगोळा, धान्य, पेट्रोल सारे विमानांनीच आणले जात होते. त्या वेढ्यातल्या तारखांच्या नोंदी आपल्याकडे आहेत हे ध्यानात घ्या.

त्या काळात तेथे टॅक-आरसाठी हरिकेन उडवणारी भारतीय तुकडी म्हणजे पहिली स्क्वाड्रन, आणि तिचे प्रमुख होते अर्जन सिंग, जे पुढे १९६५ च्या युद्धात वायुसेनाप्रमुख होते. ही तुकडी फेब्रुवारी १९४४ ते मार्च १९४५ इम्फाळला राहिली आणि मग आता पाकिस्तानात असलेल्या कोहाटला गेली. लॉगबुकात प्रत्येक महिन्याच्या अखेरीस उड्डाणाच्या तासांची बेरीज आणि खाली तुकडीप्रमुखाची सही असते. ती पाने पाहा आणि मार्च १९४५ नंतर कोहाटचे नाव येते का तेही पाहा. म्हणजे तुकडीची खात्री होईल. मार्च १९४५ मध्येच आपल्या वायुदलाच्या नावामागे ‘रॉयल’ हा शब्द लागला, तेव्हा शिक्क्यांवर ‘आय.ए.एफ.’ ऐवजी ‘आर.आय.ए.एफ.’ दिसू लागेल. १९५० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर तो शब्द गेला. लाल-निळ्या फितीचे पदक बहुधा बर्मा स्टार, म्हणजे ब्रह्मदेश आघाडीचे युद्धपदक असावे. मध्ये रुंद लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ असेल तर तेच.

आता ‘अ‍ॅव्हरेज’. बाबांना माझा नमस्कार सांगा आणि वाईट वाटून घेऊ नका म्हणावे. असाधारण, सरासरीहून वर, सरासरी आणि सरासरीहून खाली अशा पायऱ्या असत आणि बहुतेक सगळ्या चांगल्या वैमानिकांना तिसरी मिळे. टायगर मॉथवर प्राथमिक शिक्षण, अंबाल्याला हार्वर्ड, मग पेशावर-रिसालपूरकडे हरिकेन, या वाटेत कितीतरी मुले गळत, काही अपघातांत जात. जो या वाटेने आघाडीपर्यंत पोहोचला आणि एकतीस वेळा दुसऱ्याची पाठ राखून परत आला, त्याच्या ‘अ‍ॅव्हरेज’ला मी उभा राहून सलाम करीन.

दिल्लीला कधी गेलात तर पालमच्या वायुसेना संग्रहालयात हरिकेन ठेवलेले आहे ते पाहा. त्याच्या शेपटीकडच्या भागावर पत्रा नाही. नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणून बसवलेले कापड आहे. गोळीचे भोक पडले तर कापडाचे ठिगळ लावून वर डोपचा, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या रोगणाचा हात मारला की विमान पुन्हा तयार होई. इतके जवळून पाहिल्यावर आपले आजोबा कशात बसत होते याची कल्पना येईल.

कागदपत्रांची काळजी (एका वाचकाची सूचना)

एक छोटीशी पण तातडीची सूचना. लॉगबुक लॅमिनेट करू नका, फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नका आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. नागपूरच्या मे महिन्यात कागद कडक होतो आणि जुलैत ओल धरतो. हवा न मिळाल्यास कसर लागते. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून आडवे ठेवा. सकाळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या, कोरी दिसणारी पानेही सोडू नका. बाबांचा ‘विणकर?’ हा पेन्सिलीतला शेरा खोडू नका. तोही आता त्या वहीचा भाग झाला आहे.

निवृत्त अभियंता, त्रिमूर्तीनगर

मी हा धागा दोनदा वाचला आणि मग लिहायला बसलो. दोऱ्याने बांधलेली पेन्सिल असलेली वही मी पाहिलेली आहे. आपण नाव दिले नाही आणि मी विचारणार नाही, पण १९७१ मध्ये मी वीज मंडळात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो तेव्हा ज्यांच्या हाताखाली पहिली चार वर्षे काढली, ते आपले आजोबाच असावेत अशी माझी जवळजवळ खात्री आहे. ते वायुदलात होते हे आम्हाला ऐकून माहीत होते. त्यांच्या तोंडून मात्र कधी ऐकले नाही.

उच्चदाबाच्या वाहिनीवर काम करायचे तर आधी उपकेंद्रातून परमिट घ्यावे लागते. वाहिनी बंद करायची, तिला जमिनीशी जोडणारा अर्थिंग रॉड लावायचा, मगच लाईनमन खांबावर चढतो. आणि काम संपल्यावर सगळी माणसे खाली आली, रॉड काढला, असे लेखी कळवून परमिट परत केले की वाहिनी पुन्हा चालू होते. कागदावर हे सोपे आहे. रात्रीच्या पावसात, अर्धे शहर अंधारात आणि दर पाच मिनिटांनी टेलिफोन वाजत असताना ते सोपे राहत नाही. साहेबांची रीत अशी होती की परमिटावर सही करण्याआधी ते प्रत्येक माणसाला नावाने हाक मारत आणि तो समोर येऊन ‘आलो साहेब’ म्हणेपर्यंत पेन्सिल उचलत नसत.

१९७३ च्या पावसाळ्यात कामठीच्या बाजूला ३३ केव्हीच्या वाहिनीत बिघाड झाला. रात्रीचे दोन वाजले असतील. काम झाले, सगळे खाली आले असे मीच त्यांना सांगितले, कारण मला तसेच वाटले होते. त्यांनी हाका मारल्या. तीन जण आले, चौथा आला नाही. तो पुढच्या खांबावर, कडुनिंबाच्या आड, एक सैल वाटलेला क्लॅम्प आवळायला आपणहून चढला होता आणि पावसाच्या आवाजात त्याला हाक ऐकू गेली नव्हती. साहेब चिखलातून चालत त्या खांबाखाली गेले, बॅटरीचा झोत वर टाकला आणि तो उतरेपर्यंत तेथेच उभे राहिले. मला ते रागावले नाहीत. परत येताना जीपमध्ये इतकेच म्हणाले, “पुढे काम करणाऱ्याला मागचं दिसत नसतं. ते आपण बघायचं.” मी ते वाक्य पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला सांगितले. ते आले कुठून, हे मला आज वरचा प्रतिसाद वाचून कळले.

तीन राज्यांच्या नावांच्या पत्रांविषयीही सांगतो, म्हणजे पुस्तिकेत घोळ होणार नाही. १९५१ मध्ये नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी राज्य वीज मंडळ स्थापन झाले. म्हणजे धरमपेठेतले घर न बदलता त्यांनी तीन राज्यांची नोकरी केली. शहराला वीज पुरवणाऱ्या खापरखेड्याच्या जुन्या वीजघरापासून १९७४ मध्ये कोराडीचा १२० मेगावॅटचा पहिला संच सुरू होईपर्यंत नागपूरची वीज कशी वाढली, ते या पिढीने स्वतःच्या हातांनी पाहिले आहे. लोक विमानाचेच विचारतात असे आपण लिहिले आहे. त्यांना कामठीची ही रात्र सांगा. त्या रात्री खांबावर असलेला माणूस पुढे पूर्ण नोकरी करून निवृत्त झाला, आणि त्याच्या मुलीच्या लग्नाला साहेब आजींना घेऊन आले होते.

वरोऱ्याचा वाचक

मला एका मुद्द्यावर थोडे स्पष्ट बोलू द्या. दोघा भावांविषयीचा तो अलिखित नियम पुस्तिकेतही पाळू नये, अशी माझी विनंती आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर आणि आष्टी येथे चले जाव चळवळीत जो उठाव झाला, त्यानंतर आमच्या भागात कित्येक घरांत एक भाऊ तुरुंगात आणि दुसरा सरकारी गणवेशात अशी स्थिती होती. कोणी ध्येयापोटी गेला, कोणी पोटापाण्यासाठी, कोणाला जपान दाराशी आला असे वाटले, आणि कोणाला केवळ उडायचे होते. १४ एप्रिल १९४४ ला इम्फाळच्या खोऱ्यातल्याच मोइरांग येथे आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला, आणि आपल्या आजोबांच्या त्या नोंदीही त्याच महिन्यात सुरू होतात. एका खोऱ्यात, एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना, आपलीच माणसे होती. हे लिहिल्याने कोणाचाही मान कमी होत नाही. लिहिले नाही, तर आजोबा गप्प का राहिले हे वाचणाऱ्याला कळणार नाही, आणि त्यांचे गप्प राहणे हाही त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग होता.

धरमपेठची नात

आपणा सर्वांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते कळत नाही. काल रात्री हे सारे प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. कामठीच्या रात्रीपाशी त्यांनी मला थांबवले आणि तो भाग पुन्हा वाचायला लावला. मग आत्याला फोन केला. तिने जे सांगितले ते येथे लिहिते.

आमच्या घरची रामटेकची वारी दरवर्षी त्रिपुरी पौर्णिमेला असे. गडाच्या पायऱ्या चढताना आजोबा नेहमी सगळ्यांच्या मागे, दहा-बारा पायऱ्या खाली राहत, आणि सरळ न चढता कधी या कठड्याकडून तर कधी त्या कठड्याकडून येत. आजी म्हणायची की यांना दम लागतो. आत्याने एकदा, ती दहा वर्षांची असताना, तुम्ही आमच्याबरोबर का चालत नाही असे विचारले. ते म्हणाले, “तुम्ही देवळाकडे बघा. मी तुमच्याकडे बघतो.” आत्याला हे बोलणे पन्नास-पंचावन्न वर्षे लक्षात होते, त्यात काही विशेष आहे असे मात्र तिला काल प्रथमच वाटले.

महिनाअखेरच्या सह्या पाहिल्या. तुकडी पहिलीच आहे, आणि मार्च १९४५ च्या पानापासून कोहाट लिहिलेले आहे. फितीतली नारिंगी रेघ विटली आहे, पण आहे. डिसेंबर १९४४ पासून ‘वीव्हर’ हा शब्द क्वचित येतो आणि त्या जागी ‘लीडर’ दिसू लागतो. मी आतापर्यंत ती पाने केवळ चाळली होती.

वरोऱ्याच्या काकांनी लिहिलेला मुद्दा मनाला लागला, म्हणून ट्रंक पुन्हा तळापर्यंत उपसली. वर्तमानपत्राच्या अस्तराखाली मनिऑर्डरच्या कुपनांची एक जुडी निघाली. सगळी १९४७ ते १९५० या काळातली, नागपूरहून बनारसला पाठवलेली, आणि पाठवणाऱ्याच्या जागी थोरल्या आजोबांचे नाव. तुरुंगातून सुटून आलेल्या भावाने वायुदलातून आलेल्या भावाची फी भरली होती, आणि हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. बहुतेक कुपनांवर मजकूर नाही. एकावर मात्र थोरल्या आजोबांच्या बारीक अक्षरात लिहिले आहे: “मेसचे निराळे पाठवितो. रात्री फार जागू नये.”

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हे कुपन छापायचे आम्ही ठरवले आहे. त्याच्या समोरच्या पानावर मे १९४४ मधील एक नोंद जशीच्या तशी येईल: हरिकेन, टॅक-आर, टामू ते सिटाउंग, वीव्हर, १ तास ३५ मिनिटे, डी.सी.ओ.

वायुसेनानगरच्या काकांना एक विनंती आहे. येत्या रविवारी सकाळी लॉगबुक सुती कापडात गुंडाळून मी आपल्याकडे घेऊन आले तर चालेल का? कोहाटच्या पानांवर तीन शब्द असे आहेत की ते आम्हा कोणालाच वाचता येत नाहीत. बाबाही बरोबर येतो म्हणत आहेत.